तिसऱ्या रविवारची हरकत

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी लग्नाची सूचना वाचली आणि तारीख ऐकताच देवळातल्या सगळ्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. मागच्या रविवारी याच माणसाने, याच जागी उभं राहून, ‘ईस्टरनंतरचा शनिवार’ असं स्वच्छ वाचलं होतं. आज मात्र त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, घसा खाकरला आणि म्हणाले, “येत्या हिवाळ्यात, कुटुंबाच्या सोयीने.”

पहिल्या बाकावर वधू बसली होती. केस पांढरे, पाठ ताठ, मांडीवर गीतांचं पुस्तक. तिच्या शेजारी तिची थोरली सून. थोरलीने हळूच डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती. फक्त पुस्तकाची पानं त्या उगाचच बोटाने सारखी करत होत्या, आणि पानं तर मुळात सारखीच होती.

तिकडे गायकांच्या रांगेत नवरदेव उभा होता. निवृत्त बस-ड्रायव्हर. गावातली शाळा, बाजार, दवाखाना सगळं त्याच्या बसने जोडलेलं होतं, त्यामुळे लहानथोर सगळे त्याला ड्रायव्हरकाकाच म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्याने तारीख ऐकली, खाली बघितलं आणि पुढच्या गीताचं पान उघडलं. पान चुकीचं होतं, हे शेजारच्याने त्याला दाखवून दिलं.

“या दोघांच्या विवाहाला कोणाची योग्य कारणास्तव हरकत असल्यास त्यांनी आता सांगावं,” पाळकसाहेबांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. देवळाच्या मंडळीत असा रिवाजच होता. लग्न असलं की तीन रविवार सूचना वाचायची आणि तीन वेळा हा प्रश्न विचारायचा. आजवर कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं. आजही दिलं नाही. पण खोकले मात्र फार झाले.

थोरलीच्या पलीकडे तिचा नवरा हाताची घडी घालून बसला होता. तो मंडळीच्या पंचांतला मोठा. बापाचं चष्म्याचं दुकान चालवायचा, म्हणून बापासारखंच त्यालाही लोक चष्मेवाला म्हणत. तारीख बदलून आणणारा तोच होता.

*

या सगळ्याची सुरुवात एका स्क्रूपासून झाली होती, आणि ती फक्त थोरलीला माहीत होती.

सासरे गेल्यापासून सासूबाई दुकानाच्या काउंटरवर बसत. बसत म्हणजे नुसत्याच बसत. एकच फ्रेम तासन्‌तास पुसायच्या. गिऱ्हाइकाशी बोलणं ‘या’ आणि ‘बरं’ एवढंच. थोरली आतल्या खोलीत काचा घासायच्या मशीनवर असे. मशीनची घरघर, पाण्याची बारीक धार, बोटांना चिकटलेली पांढरी पूड. तिथून बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, आणि ऐकण्यासारखं काही नसायचंही.

मग ड्रायव्हरकाका आपला वाचायचा चष्मा घेऊन आले. दांडीचा स्क्रू ढिला झाला होता. थोरलीने घट्ट करून दिला. पुढच्या आठवड्यात तोच चष्मा, तोच स्क्रू. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. थोरली चक्रावली. आपण घट्ट केलेला स्क्रू असा ढिला पडतो म्हणजे काय? तिने भिंगातून नीट बघितलं तेव्हा स्क्रूच्या डोक्यावर नखाने आणि सुरीच्या टोकाने कोरल्याच्या खुणा दिसल्या. ती मनाशी हसली आणि गप्प बसली. आणि एके दिवशी मशीनच्या घरघरीतून तिला काहीतरी वेगळंच ऐकू आलं. तिने बटण दाबून मशीन थांबवलं. बाहेर सासूबाई हसत होत्या. खळखळून, तोंडावर हातसुद्धा न ठेवता. लग्न होऊन या घरात आल्याला इतकी वर्षं झाली, पण थोरलीने ते हसू कधी ऐकलं नव्हतं. ती तशीच ओल्या हातांनी उभी राहिली आणि मशीन पुन्हा चालू करायचं विसरून गेली.

*

त्या दुसऱ्या रविवारी दुपारी जेवायला सगळे घरी जमले. नणंदबाई मुद्दाम आल्या होत्या. शेजारच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्या मेट्रन. आवाज कमी करायला सांगायची सवय असलेला आवाज. धाकटा दीर वायरमन, अजून लग्नाचा, देवळातला माइक आणि दिवे त्याच्या ताब्यात.

“हिवाळा म्हणजे चांगले सहा-सात महिने,” नणंदबाई पाव मोडत म्हणाल्या. “तोवर आईचं डोकं ठिकाणावर येईल.”

“आणि नाही आलं तर?” चष्मेवाल्याने विचारलं.

“तर मग उन्हाळा आहेच की,” धाकटा म्हणाला. “मग पुन्हा हिवाळा. असं पुढे पुढे ढकलत गेलो तर दोघांना थेट स्वर्गातच बोहल्यावर चढवता येईल. आणि तिथे लग्नं होत नाहीत म्हणतात, म्हणजे तुमचा प्रश्नच मिटला.”

“तुला सगळं थट्टेवारीच,” नणंदबाई कडाडल्या. “लोक काय म्हणतात ऐकलंस? माझ्या वॉर्डातली एक नर्स मला म्हणते, ‘मेट्रन, अभिनंदन, तुमच्या आईचं ठरलं म्हणे!’ मी कुठे तोंड लपवू?”

“अभिनंदन म्हणाली ना? मग थँक्यू म्हणायचं.”

“वहिनी, तुम्ही तरी काही बोला याला!”

थोरली सूप वाढत होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. इतक्या वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. या घरात भांडण सुरू झालं की हातात काहीतरी भांडं घ्यायचं. “आणखी कुणाला हवंय?” ती म्हणाली.

“अशी ही,” नवरा पुटपुटला, पण त्यात राग नव्हता.

“मला विचाराल तर,” नणंदबाईंनी आवाज खाली आणला, “आत्याला आणायला हवं. बाबांची सख्खी मोठी बहीण. ती जर देवळात उभी राहून ‘हरकत आहे’ म्हणाली, तर कुणाची बिशाद आहे? आईसुद्धा तिचा शब्द मोडणार नाही. आपण मुलं बोललो तर बरं दिसत नाही. दादा पंच, त्याने तर मुळीच बोलू नये.”

“आत्या?” धाकट्याने चमचा खाली ठेवला. “तिने एकदा प्रवचन मध्येच थांबवून पाळकांचं व्याकरण सुधारलं होतं. तिला आणाल आणि पस्तावाल.”

“बाबा तिचे भाऊ होते,” चष्मेवाला हळूच म्हणाला. “तिला वाटेलच ना.”

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या दिसल्या. हातात पाण्याचा जग. किती ऐकलं होतं कोण जाणे.

“माझं डोकं जिथे असायचं तिथेच आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी तारीख पुढे न्यायला हो म्हटलं ते डोकं फिरलं म्हणून नव्हे. माझ्या लग्नात माझी पोरं तोंडं पाडून बसलेली मला नकोत. तेवढ्यासाठी एक हिवाळा काय, मी थांबेन. पण तुम्ही मला माझ्या घरात चोरासारखं कुजबुजून बोलू नका.”

जग टेबलावर ठेवून त्या परत आत गेल्या. नणंदबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पाणी आलं म्हणून बेत सोडणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. “आत्याला आणायचं,” त्या म्हणाल्या. “ईस्टरला. तिसऱ्या सूचनेला.”

*

आठवड्याच्या मध्यावर एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. थोरली मशीनवर एक काच फ्रेमच्या मापाची करत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायचं असलं की तो असाच यायचा आणि भिंतीवरच्या हत्यारांकडे बघत राहायचा.

“शनिवारी तू जा आत्याकडे,” तो म्हणाला. “मी फोनवर बोललोय. पण तू जाऊन सगळं नीट सांग. तुझं ऐकते ती.”

थोरलीने मशीन बंद केलं. “काय सांगू?”

“हेच, की हे बरं नव्हे. बाबांचं नाव आहे या दुकानावर.”

“ते नाव कुणी पुसत नाहीये. अहो, तुम्हाला ड्रायव्हरकाका वाईट वाटतात का?”

“नाही. माणूस सोन्यासारखा आहे.”

“मग?”

त्याने भिंतीवरचा एक स्क्रू-ड्रायव्हर काढून परत त्याच खिळ्याला अडकवला. “तुला खरं सांगू? रोज सकाळी मी शटर वर करतो, आणि आई आत काउंटरवर असते. ती असली की मला वाटतं बाबाही इथेच कुठेतरी आहेत. मागे गेलेत, येतील आता. ती त्या घरी राहायला गेली की दोघंही गेले.”

हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. थोरलीला भडभडून आलं. तिने ओला हात फडक्याला पुसला आणि त्याच्या दंडावर ठेवला. पण जे म्हणायचं होतं ते तिने गिळलं नाही.

“म्हणजे बाबा गेले नाहीत असं तुम्हाला वाटावं, म्हणून आईंनी तिथे बसून राहायचं? रोज? त्या मरेपर्यंत?”

त्याने दंड सोडवून घेतला नाही. बाहेर दाराची घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं, आणि तो “या, या” करत निघून गेला.

*

शनिवारी सकाळपासून सगळी मंडळी देवळात झाडलोट करायला जमली होती. मंडळी लहान, त्यामुळे कामं वाटून द्यावी लागत नसत. जो तो आपापलं काम ओळखून होता. कुणी बाकं पॉलिश करत होतं, कुणी खिडक्यांच्या काचा व्हिनेगरने पुसत होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी वेदीवरचा पांढरा कपडा इस्त्री करून आणला होता आणि तो जळका वास कुठून येतोय ते कुणी त्यांना विचारत नव्हतं. काल गुड फ्रायडेला उघडी आणि ओकीबोकी ठेवलेली वेदी हळूहळू फुलांनी भरत होती. दारं सताड उघडी होती. बाहेर झाडांना एवढी कोवळी पानं फुटली होती की आतल्या भिंतींवरसुद्धा हिरवट उजेड पडला होता. धाकटा शिडीवर चढून माइकची वायर ताणत होता आणि ड्रायव्हरकाका खाली शिडी धरून उभे होते.

“काका, सोडू नका हं,” धाकटा वरून ओरडला.

“बाळा, मी आजवर थांब्याशिवाय गाडी सोडली नाही,” काका म्हणाले, आणि सगळं देऊळ हसलं. सासूबाई फुलदाणीत पाणी ओतत होत्या, त्याही हसल्या. मग त्यांना थोरला मुलगा दिसला आणि त्यांचं हसू जागच्या जागी आटलं.

ते आटलेलं हसू डोळ्यांपुढे घेऊन थोरली आत्याबाईंकडे गेली.

आत्याबाई बस डेपोजवळ तळमजल्यावर एकट्या राहत. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. गुडघे गेले होते, कान जवळजवळ गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

“ये. बस. भाच्याने फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “उद्या मी देवळात यायचं आणि उभं राहून हरकत घ्यायची. असंच ना?”

“हो.”

“काय?”

“हो!” थोरलीने आवाज चढवला.

“त्याचं मत कळलं. भाचीचंही कळलं, तिने तर दोनदा फोन केला. तुझं काय?”

“माझं मत कोण विचारतं, आत्याबाई?”

“मी विचारतेय. आणि मोठ्याने सांग, मला कुजबुज ऐकू येत नाही.”

थोरलीने दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं. जिन्यात कुणीतरी पायपुसणी झटकत होतं. नवऱ्याने काय सांगायला पाठवलं होतं ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं.

“आई हसतात!” ती म्हणाली.

“काय करतात?”

“हसतात! ड्रायव्हरकाका आले की आई हसतात!” आता ती जवळजवळ ओरडत होती. “मी मशीन बंद करून ऐकते! मी लग्न होऊन आले तेव्हा आई मी घड्या घातलेले कपडे परत मोडून घड्या घालायच्या! मला त्यांची भीती वाटायची! आता त्या मला म्हणतात, राहू दे गं, चुरगळले तर चुरगळले!” जिन्यातली झटकाझटकी थांबली. “आणि ईस्टरनंतरचा शनिवार ठरला होता तो यांनी पुढे ढकलला, आणि तेव्हापासून त्या पुन्हा फ्रेमा पुसत बसल्यात!”

एवढं बोलून तिला धाप लागली. आत्याबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. मास्तरीण बाई विद्यार्थ्याने फळ्यावर सोडवलेलं गणित बघते तशा.

“ईस्टरनंतरचा शनिवार,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“बरं. माझा निळा ड्रेस त्या कपाटात आहे. इस्त्री करून दे. आणि मी उद्या काय बोलणार आहे ते कुणाला सांगू नकोस.”

“मला तरी कुठे माहीत आहे?”

“मग काळजीच मिटली,” आत्याबाई म्हणाल्या.

*

ईस्टरची पहाट. सूर्य वर यायच्या आधीपासून लोक येत होते. लहान मुलांच्या हातात फुलं, म्हाताऱ्यांच्या हातात मुलांचे हात. जी माणसं वर्षभर दिसत नाहीत तीसुद्धा आली होती. “प्रभू उठला आहे!” जो तो भेटेल त्याला म्हणत होता, आणि समोरचा “खरोखर उठला आहे!” म्हणून हात दाबत होता.

धाकट्याच्या गाडीतून आत्याबाई आल्या. चाकाची खुर्ची पायऱ्यांशी येऊन थांबली. धाकटा गाडी लावायला गेलेला. चष्मेवाला खुर्चीची एक बाजू धरून इकडेतिकडे बघत होता. दुसरी बाजू कुणीतरी न बोलता धरली. ड्रायव्हरकाका. दोघांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं.

“मधली पायरी सुटलीय, जपून,” काका म्हणाले.

“माहीत आहे,” चष्मेवाला म्हणाला. मग थोडं थांबून, “तुम्ही कंबर सांभाळा.”

दोघांनी मिळून आत्याबाईंना वर नेलं. त्या राणीसारख्या समोर बघत होत्या. थोरली मागून चालत होती.

उपासना सुरू झाली. गीतांनी छप्पर हललं. वचन वाचलं गेलं. बाया पहाटे कबरीकडे जातात, वाटेत आपापसात म्हणतात, दगड कोण लोटील? आणि जाऊन बघतात तर दगड लोटलेला. प्रवचन झालं, छोटंसं. आणि मग पाळकसाहेबांनी तो कागद हातात घेतला. देवळात एवढी शांतता पसरली की बाहेरच्या झाडावरचे पक्षी आत शिरल्यासारखे ऐकू यायला लागले.

“...येत्या हिवाळ्यात, कुटुंबाच्या सोयीने. ही तिसरी आणि शेवटची सूचना. या विवाहाला कोणाची योग्य कारणास्तव हरकत असल्यास...”

“उभी करा मला,” आत्याबाई म्हणाल्या.

चष्मेवाला पटकन उठला. त्याने स्वतः त्यांना कोपराला धरून उभं केलं. नणंदबाईंनी मान खाली घातली. आपला बेत असा डोळ्यांदेखत खरा होताना त्यांना समोर बघवेना. थोरलीने सासूबाईंचा हात धरला.

“माझी हरकत आहे.”

कुणाच्या तरी हातून गीताचं पुस्तक पडलं. गायकांच्या रांगेत ड्रायव्हरकाका पांढरेफटक झाले.

“को... कोणत्या कारणास्तव?” पाळकसाहेबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला होता.

“तारीख,” आत्याबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“पहिल्या रविवारी तुम्ही ईस्टरनंतरचा शनिवार वाचलात, असं मला कळलं. तो गेला कुठे? हिवाळ्यात माझे गुडघे मला न्हाणीघरापर्यंतसुद्धा नेत नाहीत. आणि हिवाळ्यापर्यंत मी असेन याची हमी, पाळकसाहेब, तुम्ही देताय का? लेखी द्या, मी बसते.”

मागच्या बाकांवरून हसू फुटलं, दाबलं गेलं, पुन्हा फुटलं. धाकटा धावत माइक घेऊन आला आणि त्याने तो आत्याबाईंच्या तोंडापुढे धरला. त्यांना त्याची काही गरज नव्हती.

“ही माझी भावजय,” त्या म्हणाल्या, आणि हसू थांबलं. “माझ्या भावाचं हिने शेवटपर्यंत केलं. मी नणंद आहे, खोट काढायला टपूनच होते, पण मला सापडली नाही. भाऊ चांगला होता. घोरायचा फार, पण चांगला होता. तो गेला, तेव्हा आपण सगळ्यांनी त्याला पोचवलं. हिला कुठे पोचवलं होतं? आज पहाटेपासून घसा फोडून गाताय की दगड बाजूला सरला, दगड बाजूला सरला. आणि तोच दगड ढकलत आणून हिच्या दाराला लावताय? मग गाता कशाला?”

पाळकसाहेबांनी कागद खाली ठेवला.

“बाई, तुमचं म्हणणं... हे नियमात बसत नाही. तारीख कुटुंबाने ठरवायची असते,” ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तो अजूनही आत्याचं कोपर धरून उभा होता. चेहरा लालबुंद. ते कोपर सोडताही येईना आणि धरवेना.

थोरली उठली. आपण उठतोय हे तिला उठल्यावर कळलं. या देवळात ती गीताखेरीज कधी तोंड उघडून बोलली नव्हती, आणि चारचौघांत नवऱ्याच्या विरुद्ध तर कुठेच नाही.

“माझीही तीच हरकत आहे,” ती म्हणाली.

“माझीपण,” धाकटा म्हणाला. नेहमीसारखं गमतीत म्हणायला गेला आणि मध्येच आवाज फुटला, आणि माइक हातात असल्याने तो फुटलेला आवाज सगळ्या देवळाने ऐकला.

चष्मेवाल्याने बायकोकडे बघितलं. तिने नजर खाली घातली नाही. मग त्याने आईकडे बघितलं.

सासूबाईंच्या डोळ्यांत ना विनवणी होती ना राग. “हिवाळाच राहू दे, बाळा,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझं मन तयार नसेल तर. मला घाई नाही.”

आणि त्या एका वाक्यासरशी त्याचा बांध फुटला. इतका मोठा, पंचांतला मोठा माणूस, सगळ्यांसमोर त्याने मनगटाने डोळे पुसले.

“पाळकसाहेब,” शेवटी तो म्हणाला, “हरकत... मान्य आहे. शनिवारच.”

आणि मग पहिल्यांदा ओरडल्या त्या नणंदबाई. “शनिवार? या शनिवारी? अरे, फुलं कोण आणणार? केक? आणि आईचे केस? त्या केसांनी ती लग्नाला उभी राहणार आहे का?” त्या हुंदके देत होत्या आणि त्याच दमात पर्समध्ये पेन शोधत होत्या. वॉर्डात एकदम दहा पेशंट आल्यावर मेट्रन जशी उभी राहते, तशा त्या उभ्या होत्या. “दादा, असा रडत उभा राहू नकोस. मांडवाचं... नाही, हॉलचं बघ. शिवणवाल्या बाई, तुम्ही मला नंतर भेटा!”

“नक्की!” मागून शिवणवाल्या बाई ओरडल्या.

पाळकसाहेबांनी हात वर केले. त्यांना पुढे काय म्हणायचं ते सुचलं नसावं, म्हणून त्यांनी त्या सकाळी जे म्हणायचं तेच म्हटलं. “प्रभू उठला आहे!”

“खरोखर उठला आहे!” मंडळीने उत्तर दिलं, आणि ते असं दिलं की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

*

शनिवारी देवळाच्या दाराशी ऊन पडलं होतं. आत ऑर्गन हळू आवाजात चालू होता, लोक बसले होते. सासूबाई फिकट पिवळ्या ड्रेसमध्ये उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. नणंदबाईंनी त्यांच्या केसांवर सकाळपासून एवढी मेहनत घेतली होती की त्यांना मान हलवायची धास्ती वाटत होती.

चष्मेवाला बाहेर आला आणि त्याने हात पुढे केला. “चल आई. मी नेतो तुला आत.”

सासूबाईंनी त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. “तू पुढे जा. वचन तू वाचणार आहेस. तुझा आवाज तुझ्या बाबांचा आहे, तो मला समोरून ऐकायचाय.” मग त्या थांबल्या. “मला सूनबाई नेईल.”

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “मी? आई, मुलगा असताना मी?”

“मुलाला मी जन्म दिला. त्याने मला नेलं तर त्यात नवल काय?” सासूबाई म्हणाल्या. “तू परक्या घरून आलीस. माझे टोमणे ऐकलेस. आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत उठलीस. तुझ्या हाताने मी त्या घरी गेले तर मला भीती वाटणार नाही.”

चष्मेवाल्याने बायकोकडे बघितलं. थोरलीला वाटलं, दुखावला. पण तो फक्त म्हणाला, “उंबरा उंच आहे, दोघीही जपून या,” आणि आत निघून गेला.

दारं उघडली. सगळे उभे राहिले. थोरलीने सासूबाईंचा हात आपल्या कोपरात घेतला.

“पायांत गोळे आलेत गं,” सासूबाई कुजबुजल्या.

“मलाही आलेत. चालत राहू या.”

त्या चालत राहिल्या. दोन्ही बाजूंनी चेहरे, ओळखीचे, हसणारे, रडणारे. समोर ड्रायव्हरकाकांना वेदीशीच उभं राहायला सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. ते तिथे काही राहिले नाहीत. अर्ध्या वाटेवर ते तरातरा चालत आले, थबकले, आणि आता पुढे काय करायचं ते न सुचून दोन्ही हात पसरून उभे राहिले.

सासूबाई हसल्या. खळखळून, तोंडावर हात न ठेवता, भर देवळात. थोरलीच्या कोपरातला हात सुटला आणि त्या राहिलेलं अंतर एकट्याच, झपझप, जवळजवळ धावतच गेल्या.

त्या देवळात कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तशी पद्धत नव्हती. म्हणून पहिली टाळी पडली तेव्हा लोक दचकून वळले. वचन वाचायच्या स्टँडमागे थोरलीचा नवरा उभा होता, पवित्र शास्त्र काखेत घट्ट दाबून, आणि दोन्ही हातांनी, लहान मुलासारख्या, जोरजोरात टाळ्या वाजवत होता.